राखणदाराचे मागचे पाय

दसरा-दिवाळी उलटली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतील वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुलगा आणि सून ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात जातात. घरी उरतात आजी-आजोबा, शाळेतील नातवंडे आणि दारातला कुत्रा. त्या कुत्र्याचेही वय झाले आहे, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. परक्याची चाहूल लागताच धावून जाणारा मोती आता बसल्या जागेवरूनच भुंकतो. उठताना त्याचे मागचे पाय थरथरतात, ओट्यासमोर तो क्षणभर थांबतो. आपण म्हणतो, ‘म्हातारा झाला, आळसावला.’

तो आळस नसतो, बहुधा वेदना असते. सांध्यातील कूर्चा झिजते, मग हालचाल कमी होते आणि मागच्या पायांचे स्नायू आणखी वाळतात. कुत्रा फारसा कण्हत नाही. तो सांधा सारखा चाटतो, पाठीला हात लागताच गुरगुरतो, एवढेच. पहाटे स्वतःचे गुडघे आखडतात त्यांनी तरी हे ओळखावे.

मात्र अशा समदुःखी माणसाकडूनच एक घातक चूक होते. आपल्या गुडघेदुखीच्या गोळीतील अर्धी गोळी मायेने भाकरीत घालून कुत्र्याला दिली जाते. कृपा करून असे कधीही करू नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलने यकृताला आणि रक्तातील तांबड्या पेशींना अपाय होतो. मेलॉक्सिकॅम हे औषध कुत्र्यांनाही देतात, पण त्याची मात्रा वजनावर ठरते. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १.५ मिलिग्रॅम पुरते, तर माणसाची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. तेव्हा औषध आणि त्याचे प्रमाण पशुवैद्यकच सांगतील. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात निदान झाले नाही, तर परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

घरातील उपाय साधे आहेत. शहाबादी फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून त्याच्या नेहमीच्या वाटेवर गोणपाट अंथरावे. त्यावरून आपलाही पाय अडखळू नये, यासाठी कडा दाबून ठेवाव्यात. नखे वाढू देऊ नयेत. वजन वाढले असेल तर भाकरीचा चतकोर कमी करावा. हा उपाय मायेला जड जातो, पण औषधाइतकाच उपयोगी आहे. झोपायला जाड वाकळ द्यावी. चालणे बंद करू नये. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे चालवावे.

त्याला उचलण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. २० किलोचे ओझे वाकून उचलताना तुमची कंबर धरली किंवा तोल गेला, तर घरात पाहणारे कोण? जुने लुगडे घडी करून मागच्या पायांच्या थोडे पुढे, पोटाखालून घ्यावे आणि दोन्ही टोके हातात धरून उभ्यानेच त्याला आधार द्यावा. पुढचे पाय तो स्वतः टाकतो.

उठणेच थांबले, तर दर काही तासांनी कूस बदलावी, ओले अंग पुसून कोरडे करावे. शेपटीखालची जागा रोज पाहावी. माश्या बसून जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. काल चालणारा कुत्रा आज एकाएकी मागचे पाय ओढू लागला, किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कधी उपचार संपतात. तो अन्न सोडतो, औषध घेऊनही रात्रभर विव्हळतो. पशुवैद्यक इंजेक्शन देऊन वेदनारहित मृत्यू देऊ शकतात. हा निर्णय एकट्याने घेऊ नका. टोळी परतायला अजून दोन महिने असतील, तरी फडावर फोन लावून मुलाशी बोला. ते पिल्लू कधीकाळी त्यानेच शाळेतून येताना उचलून आणलेले असते.