भेग रुंदावली, पाणी कुठून येणार?

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कमी पाण्याच्या विंधण विहिरींत जलभंजन करते. विहिरीत पॅकर बसवून प्रचंड दाबाने पाणी सोडले, की बेसाल्टमधल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात. तेलविहिरींत हे तंत्र १९४९ पासून व्यावसायिक पातळीवर आहे. पण तिथे भेगेत वाळू किंवा सिरॅमिकचे बारीक मणी भरावे लागतात. त्यांच्यामधल्या पोकळीतून तेल वाहते.

पाचगणीच्या डोंगरात अशा मण्यांची गरज नाही. दोन-तीन किलोमीटर खोलीवर खडकाचा दाब भेग मिटवतो. शे-दोनशे मीटरवर तो कितीतरी कमी असतो आणि बेसाल्टच्या खडबडीत कडांमुळे फट उरते. उणीव आहे ती पाण्याची. टेबललँडचा जांभा पावसाळ्यात पाणी पितो, तेच झऱ्यांनी खाली उतरते. जलभंजन वाट रुंद करते, साठा वाढवत नाही; त्यासाठी पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, म्हणजे पुनर्भरण करावे लागते. मे महिन्यात हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला पुनर्भरणाची गोष्ट सांगून काय उपयोग, हा आक्षेप रास्तच आहे. सार्वजनिक विहिरीवर जलभंजन जरूर व्हावे. मात्र हॉटेल-बंगल्यांच्या खासगी बोअरमध्ये ते झाले, तर शेजारचा झरा आटू शकतो. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इथे प्रत्येक जलभंजनासोबत पुनर्भरणाची सक्ती हवी आणि आसपासच्या झऱ्यांच्या नोंदी नगरपरिषदेने जाहीर कराव्यात.