कॅन : भेंडीच्या डब्यातलं संगीत

दोस्तांनो, एखाद्या गाण्याच्या रेकॉर्डवर कुणाचं चित्र असेल? गायकाचं? गिटारचं? १९७२ साली जर्मनीत एक रेकॉर्ड निघाली. तिच्यावर चित्र होतं भेंडीच्या डब्याचं! होय, आपली भाजीची भेंडी. रेकॉर्डचं नाव 'एगे बाम्यासी'. तुर्की भाषेत त्याचा अर्थ एजियन समुद्राकडची भेंडी. आणि वाजवणाऱ्या मंडळींचं नाव 'कॅन'. इंग्रजीत कॅन म्हणजे डबा. गंमत म्हणजे हीच अक्षरं तुर्कीत 'जान' अशी वाचतात आणि अर्थही तोच, आपण 'जिवात जान आली' म्हणतो त्यातला!

आज या डब्याचं झाकण उघडू या.

कोलोन हे ऱ्हाइन नदीकाठचं जर्मन शहर. तिथे १९६८ मध्ये हा रॉक बँड सुरू झाला. पण यातले बहुतेक जण रॉक वाजवत मोठे झालेलेच नव्हते. इर्मिन श्मिट हे पियानो वाजवत आणि मोठ्या वाद्यवृंदाचं संचालनही करत. होल्गर चुकाय हे श्टॉकहाउझेन या नामवंत संगीतकाराचे शिष्य. याकी लीबेत्साइट हे जॅझमध्ये मुरलेले ड्रमवादक. तिघांनीही तिशी गाठलेली किंवा ओलांडलेली. चौथा मात्र विशीतला पोरगा, गिटार वाजवणारा मिखाएल कारोली. तो चुकाय यांचाच विद्यार्थी. स्वित्झर्लंडमधल्या शाळेत ते त्याला संगीत शिकवत. एकदा त्यानंच सरांना बीटल्सचं 'आय अ‍ॅम द वॉलरस' ऐकवलं आणि सरांचे कान टवकारले. रॉकमध्ये एवढं काही करता येतं? गुरुजींनी शिष्याकडून धडा घेतला, आणि पुढे दोघं शेजारी उभे राहून वाजवू लागले!

आता तुम्ही विचाराल, जॅझ म्हणजे काय? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेलं हे संगीत. त्यात धून ठरलेली असते, पण तिच्या आधारानं प्रत्येक वादक तिथल्या तिथे नवं काही रचत जातो. आपले गवई बंदिश धरून राग फुलवतात ना, तसंच काहीसं. आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' या १९५१ च्या चित्रपटातही ही चव आहे. त्यांच्यासोबत ट्रम्पेट वाजवणारे गोव्याचे चिक चॉकलेट जॅझमधलेच. आजी-आजोबांना विचारा, ते लगेच गुणगुणायला लागतील.

लीबेत्साइट यांनी १९६० च्या सुमारास बार्सिलोनात राहून चेट बेकर या मोठ्या अमेरिकन ट्रम्पेटवादकाला साथ केली. मग जर्मनीत परतून मानफ्रेड शूफ यांच्या गटात ते 'फ्री जॅझ' वाजवू लागले. फ्री म्हणजे मुक्त. ताल नाही, ठरलेले सूर नाहीत, कशाचंच बंधन नाही. मजाच मजा, नाही का?

पण इथेच पेच आला, बरं का! या 'मुक्त' संगीतात एक गोष्ट करायला जणू बंदी होती. एकच ठेका पुन्हा पुन्हा वाजवायचा नाही! लीबेत्साइट यांना वाटू लागलं, ही कसली मुक्ती? त्यातच एका श्रोत्यानं त्यांना सांगितलं, की तू एकसारखं, एकाच चालीत वाजवायला हवंस. दुसरा कुणी असता तर चिडला असता. वर्षानुवर्षं मेहनत करून बोटांत आणि मनगटात जादू आणायची, आणि कुणी म्हणायचं की साधंच वाजव! पण लीबेत्साइट यांनी ते मनावर घेतलं. 'कॅन'मध्ये ते एकच ठेका दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं धरून ठेवत. घड्याळाच्या काट्यासारखा. १९७१ च्या 'टागो मागो' या जोड-रेकॉर्डमधलं एक गाणं तर साडेअठरा मिनिटांचं आहे, म्हणजे रेकॉर्डची एक अख्खी बाजू! आणि तरी ते कंटाळवाणं होत नाही. कारण ठेका भक्कम असला की बाकीच्यांना हवं तिकडे भटकता येतं. परतायला घर आहे, हे त्यांना ठाऊक असतं.

तुमच्यापैकी जे तबल्याच्या क्लासला जातात त्यांना हे पटकन समजेल. गवई तानांचा पाऊस पाडत असतो तेव्हा तबलजी शांतपणे ठेका देतो. टाळ्या बहुधा गवयाला मिळतात. पण ठेका हलला तर?

आता हे रेकॉर्डिंग कसं करत, ते ऐका. आधी ते एका जुन्या गढीत वाजवत. मग १९७१ च्या अखेरीस कोलोनजवळच्या वायलर्सविस्ट गावातलं एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर त्यांनी घेतलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लष्कराच्या जुन्या गाद्या ठोकल्या, शेकड्यांनी! तिथे तासन् तास वाजवायचं आणि टेप चालू ठेवायची. मग चुकाय सगळं ऐकत. चांगले तुकडे निवडून टेप चक्क कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची. आज तुम्ही मोबाइलवर बोटानं करता तेच, पण पात्यानं. चुकलं तर 'अन्डू' नाही!

आणि गायक? पहिला माल्कम मूनी, हा अमेरिकन शिल्पकार. तो मायदेशी परतल्यावर १९७० मध्ये म्युनिकला एका कॅफेबाहेर चुकाय आणि लीबेत्साइट यांना रस्त्यावर गाणारा एक जपानी तरुण दिसला. त्याचं नाव दामो सुझुकी. "आज रात्री आमच्यासोबत गाणार का?" त्यांनी विचारलं. ना तालीम, ना ओळख! त्याच रात्री तो रंगमंचावर उभा. त्याचा आरडाओरडा ऐकून बरेचसे प्रेक्षक उठून गेले म्हणतात. पण बँडनं त्याला ठेवून घेतलं, आणि १९७३ पर्यंत तो त्यांचा गायक होता.

उठून गेलेल्यांचं मात्र पुढे नवल झालं असेल. कारण 'कॅन'चं 'स्पून' हे गाणं एका टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत झालं आणि जर्मनीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेलं. मालिकेचं नाव 'सुरी' आणि गाण्याचं नाव 'चमचा'! पुढे युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी नव्या बँडनी 'कॅन'ला आपले गुरू मानलं. कारोली २००१ मध्ये गेले, लीबेत्साइट आणि चुकाय दोघंही २०१७ मध्ये, सुझुकी २०२४ मध्ये. पण गाद्या लावलेला तो स्टुडिओ जर्मनीतल्या ग्रोनाउ इथल्या संगीत संग्रहालयात नेऊन पुन्हा उभा केला आहे.

आई-बाबांसाठी एक शब्द. क्लासमध्ये मूल तोच धडा शंभरदा वाजवतं तेव्हा 'पुढे कधी सरकणार?' असं आपण विचारतो. लीबेत्साइट यांना सगळं काही येत होतं. तरी त्यांनी सोपं ते निवडलं आणि ते आयुष्यभर घोटलं.

करून पाहा : चौघं-पाच जण जमा. एकानं डब्यावर साधा ठेका धरायचा आणि पाच मिनिटं अजिबात बदलायचा नाही. बाकीच्यांनी चमचे, पट्टी, तोंडाचे आवाज, काहीही वाजवायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग पाळी बदला. प्रत्येकाला एकदा ठेका धरू द्या. सगळ्यात अवघड काम कुणाचं होतं, ते आम्हाला नक्की कळवा. आणि हो, डबा रिकामा करून घ्या. नाहीतर भेंडी सांडेल!