विश्लेषण : धंद्याला महागडा लॅपटॉप-मोबाइल परवडतो का? लोणावळा-मावळचा हिशेब काय सांगतो?

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना लॅपटॉप बदलण्याचा प्रश्न त्यामुळे मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. लोणावळ्यातील हॉटेले, चिक्कीची दुकाने, तळेगावचे लघुउद्योग आणि मावळातील फूल उत्पादक यांनाही तो सोडवावा लागणार आहे. नवे यंत्र ४०-४५ हजारांचे घ्यावे की थेट लाखाचे? ‘धंद्यासाठी प्रीमियमच घ्या, टिकते’ असे विक्रेते सांगतात. ‘करातही वजा होईल’ अशी पुस्तीही जोडतात. ही दोन्ही विधाने अर्धीच खरी आहेत. उरलेला अर्धा भाग न तपासता घेतलेले महाग यंत्र छोट्या धंद्याला डोईजड होऊ शकते.

‘प्रीमियम’ म्हणजे नेमके काय?

दुकानाच्या काचेआड प्रीमियम म्हणजे पातळ, चकचकीत आणि नावाजलेल्या ब्रँडचे. व्यवसायाच्या दृष्टीने मात्र जास्तीचे पैसे चार गोष्टींसाठी मोजले जातात : किती वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार, बिघडल्यास किती तासांत दुरुस्त होणार, पाणी-धूळ-धक्का किती सोसणार आणि चोरीला गेल्यास आतली माहिती सुरक्षित राहणार का.

गुगलने पिक्सेल ८ (ऑक्टोबर २०२३) आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ (जानेवारी २०२४) या फोनपासून ७ वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनमध्ये ही मुदत बरीच कमी असते. लॅपटॉपमध्ये थिंकपॅड, एलिटबुक यांसारख्या व्यावसायिक मालिका घरगुती मॉडेलांपेक्षा महाग असतात. त्यांच्यासोबत तंत्रज्ञ जागेवर येऊन दुरुस्ती करेल अशी वॉरंटी घेता येते, तसेच सांडलेले पाणी काही प्रमाणात सोसणारा कीबोर्ड, बदलता येणारे भाग आणि माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची प्रो आवृत्तीही अनेकदा मिळते. यापैकी एकही गोष्ट ज्यात नाही, तो लाखाचा लॅपटॉप धंद्यासाठी प्रीमियम ठरत नाही. तो फक्त महाग ठरतो.

किंमत पाहावी की रोजचा खर्च?

एक साधे उदाहरण घेऊ. १ लाखाचा लॅपटॉप ५ वर्षे चालला, तर दिवसाला सुमारे ५५ रुपये पडतात. ४५ हजारांचा ३ वर्षांत बदलावा लागला, तर दिवसाला सुमारे ४१ रुपये. फरक १४ रुपयांचा, म्हणजे टपरीवरच्या एका चहाचा. पण तोच ४५ हजारांचा लॅपटॉप नीट वापरून ५ वर्षे चालवला, तर रोजचा खर्च २५ रुपयांवर येतो आणि फरक दुपटीहून अधिक होतो.

त्यामुळे नुसत्या किमतीच्या तुलनेतून उत्तर मिळत नाही. खरा आकडा वेगळाच आहे : यंत्र एक दिवस बंद पडले तर धंद्याचे किती नुकसान होते? ४ हजार रुपये भाड्याच्या १० खोल्या असलेल्या हॉटेलात शनिवारी बुकिंगचा संगणक अडकला आणि ३ खोल्या रिकाम्या राहिल्या, तर एका रात्रीत १२ हजार गेले. वर्षातून असे दोन शनिवार टळले, तरी महाग यंत्राचा जादा खर्च सव्वादोन-अडीच वर्षांत वसूल होतो. उलट ज्या दुकानात संगणक बंद पडला तर संध्याकाळी वहीतल्या नोंदी चढवून काम भागते, तिथे हा जादा खर्च कधीच भरून येत नाही.

लोणावळ्यात हा हिशेब वेगळा का?

पहिले कारण पाऊस. घाटमाथ्यावर हंगामात चार हजार मिलिमीटरच्या घरात आणि त्यापुढेही पाऊस होतो. धुके, दमट हवा आणि ओले हात यांत फोन-लॅपटॉप तीन-चार महिने काढतात. टायगर पॉइंटला किंवा पवना धरणाकाठच्या तंबूंवर पाहुणे सांभाळणाऱ्याला आयपी ६८ दर्जाचा फोन खरोखर उपयोगी पडतो. मात्र ही चाचणी प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात होते, आणि पाण्याने झालेले नुकसान सहसा वॉरंटीत धरले जात नाही, हे विक्रेता आपणहून सांगत नाही. लॅपटॉपला तर असा दर्जा क्वचितच असतो.

दुसरे कारण अंतर. अनेक ब्रँडच्या अधिकृत दुरुस्तीसाठी पिंपरी-चिंचवड किंवा पुणे गाठावे लागते. लोणावळा ते पुणे लोहमार्गाने ६४ किलोमीटर. यंत्र नेऊन देणे आणि पुन्हा आणणे यात दोन दिवस मोडतात, मधले दिवस वेगळेच. म्हणून ‘जागेवर सेवा’ ही इथे चैन नाही. पण ही सेवा पिनकोडनुसार मिळते. पुण्यातल्या दुकानात ‘दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ येईल’ असे सांगितले, तरी लोणावळ्याच्या ४१०४०१ या पिनकोडला तीच मुदत लागू आहे का, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यायला हवे. पवन मावळ किंवा आंदर मावळातल्या गावांसाठी तर आवर्जून.

तिसरे कारण वीज. पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो आणि ऑनलाइन बुकिंग ठप्प होते. तिथे लाखाच्या लॅपटॉपपेक्षा एक-दोन हजारांचा राउटरचा छोटा यूपीएस जास्त कामाचा.

गरज कोणाला, हौस कोणाची?

चिक्कीच्या दुकानाचे उदाहरण घ्या. गल्ल्यावर येणारे यूपीआयचे पैसे ध्वनियंत्र स्वतःच्या सिमवर ऐकवते. मालकाचा फोन १२ हजारांचा की सव्वा लाखाचा, याने विक्रीत फरक पडत नाही. बिलासाठी मध्यम किमतीचा संगणक पुरतो.

हॉटेल किंवा भाड्याच्या बंगल्याचे गणित निराळे. खोलीचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरची चौकशी, बुकिंग संकेतस्थळावरील दर आणि ऐनवेळचे बदल हे सगळे एकाच फोनवर चालते. तो फोन दमदार हवा. पण तो एकच. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाती तसाच फोन देण्याची गरज नाही.

तळेगाव औद्योगिक पट्ट्यात आणखी वेगळी परिस्थिती आहे. जनरल मोटर्सने इथले उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबवले. तो कारखाना जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईकडे गेला. अशा कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगात रचनेचे आराखडे संगणकावर होतात. तिथे सॉलिडवर्क्ससारख्या आज्ञावलीसाठी प्रमाणित ग्राफिक्स कार्ड असलेले वर्कस्टेशन हे यंत्रशाळेतल्या लेथइतकेच उत्पादनाचे साधन आहे. तिथली काटकसर आराखडा उघडताना गेलेल्या प्रत्येक मिनिटात मोजावी लागते.

गुलाबाच्या हरितगृहांचा मोसम जेमतेम दोन आठवड्यांचा. व्हॅलेंटाइन डेची निर्यात जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकते. त्या दिवसांत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि सीमाशुल्काची कागदपत्रे अडली, तर फुले थांबत नाहीत, कोमेजतात. पण यावरचा उपाय महाग लॅपटॉप नाही. डिजिटल स्वाक्षरी चालणारे दुसरे साधे यंत्र तयार ठेवणे हा आहे.

इथे आणखी एक खबरदारी. छोट्या धंद्यांत सर्रास वापरला जाणारा टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतो. मॅकबुकवर तो थेट बसवता येत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे काही टोकनही मॅकवर अडतात. हिशेबनीस टॅलीवर काम करणार असेल, तर हौसेने घेतलेला मॅक कपाटात पडून राहील.

करात खरेच किती वाचते?

लॅपटॉप आणि मोबाइलवर जीएसटी १८ टक्के. १ लाखाच्या लॅपटॉपमध्ये सुमारे १५,२५० रुपये कर असतो. नियमित नोंदणी असलेला कारखानदार तो इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळवू शकतो, त्यामुळे त्याला यंत्र साधारण ८४,७५० रुपयांना पडते. मात्र लोणावळ्यातील बहुसंख्य हॉटेलांना हा मार्ग उरलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि तो इनपुट क्रेडिटशिवाय. कंपोझिशन योजनेतील दुकानदारांनाही हे क्रेडिट मिळत नाही. म्हणजे एकच लॅपटॉप तळेगावच्या उद्योजकाला स्वस्त आणि लोणावळ्याच्या हॉटेलमालकाला पूर्ण किमतीत पडतो.

प्राप्तिकराचेही तसेच. संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, मोबाइल मात्र साधारणपणे १५ टक्क्यांच्या यंत्रसामग्रीत धरला जातो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला, तर त्या वर्षी घसारा निम्माच. आणि जो व्यापारी अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरतो, त्याला वेगळा घसारा मिळतच नाही. ‘करात वजा होईल’ हे वाक्य ऐकले, की ‘कोणाच्या करात?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

आयबीएमचा दाखला इथे लागू होतो का?

महाग यंत्रांच्या बाजूने एक आकडा नेहमी दिला जातो. २०१६ मध्ये आयबीएमने सांगितले होते, की विंडोज संगणकांच्या तुलनेत प्रत्येक मॅकमागे ४ वर्षांत २७३ ते ५४३ डॉलर वाचतात. पण ती बचत मुख्यतः मदतकक्षाकडे कमी तक्रारी जाण्यातून आणि देखभालीतून आली होती. आयबीएमकडे हजारो यंत्रे आणि ती सांभाळणारा स्वतंत्र विभाग आहे. १० खोल्यांच्या हॉटेलात मदतकक्ष म्हणजे मालकाचा कॉलेजात शिकणारा मुलगा. जो खर्च मुळात होतच नाही, तो वाचणार कसा?

पाहुण्यांच्या आधारचे फोटो कोणाच्या फोनमध्ये?

महाग यंत्राच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र फारसा बोलला जात नाही. हॉटेल आणि बंगल्यांवर पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले जातात आणि ते व्यवस्थापकाच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात. तो फोन अपडेट बंद झालेला असेल, हरवला किंवा दुरुस्तीच्या दुकानात गेला, तर नुकसान मालकाचे एकट्याचे नसते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत आहे. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या हॉटेलावर एवढा दंड पडेल असे नाही, पण ‘आम्ही लहान आहोत’ ही सबब पुरणार नाही. नियमित अपडेट मिळणारा, दूरवरून पुसता येणारा आणि धंद्यापुरताच वापरला जाणारा फोन ही इथे खरी गरज आहे. असा फोन २५-३० हजारांतही मिळतो. त्यासोबत काम झाले की ओळखपत्रे खोडण्याची शिस्तही हवी, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

महाग यंत्र थांबत नाही?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या यंत्रांवर खर्च कमी झाला नव्हता. तरीही त्या दिवशी काम चालले ते कागद-पेनावर. लोणावळ्यातील स्वागतकक्षालाही हाच धडा लागू आहे. आठवड्याच्या बुकिंगची छापील यादी, माहितीची दुसरी प्रत आणि जोडीला एक साधे यंत्र, ही तयारी कोणत्याही ब्रँडने विकत मिळत नाही.

मग घ्यावे तरी काय?

ज्या एका यंत्रावर धंदा उभा आहे, त्यावर मनापासून खर्च करावा. बाकीची यंत्रे मध्यम किमतीची घ्यावीत आणि वाचलेले पैसे वॉरंटी, यूपीएस व बॅकअपवर घालावेत. मोठ्या कंपन्यांतून निघालेले व्यावसायिक मालिकेतले वापरलेले लॅपटॉप हाही चांगला पर्याय आहे. मात्र इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल, तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. स्वस्तात मिळाला म्हणून असा लॅपटॉप घेतला, तर खर्च दोनदा होईल.

दुकानात जाण्यापूर्वी चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

- हे यंत्र एक दिवस बंद राहिले, तर माझे किती रुपये जातात?
- सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार?
- माझ्या पिनकोडला तंत्रज्ञ किती दिवसांत येणार, आणि हे लेखी मिळेल का?
- माझ्या नोंदणीनुसार जीएसटीचे क्रेडिट आणि घसारा मला मिळतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हजारांत असेल आणि उरलेल्या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर लाखाचे यंत्रही महाग नाही. पहिल्याच प्रश्नाला ‘फारसे काही नाही’ असे उत्तर आले, तर ४५ हजारांचा लॅपटॉप घेऊन निश्चिंत राहावे. उरलेले ५५ हजार पुढच्या पावसाळ्याआधी छताची गळती काढायला उपयोगी पडतील.