वकील निवडताना बियाण्याइतकी तरी पारख करा



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं जुनी माणसं सांगून गेली. पण बांध कोरला गेला, वाट अडली किंवा वारसाची नोंद चुकली की ती पायरी चढावीच लागते. तेव्हा आपण काय करतो? कचेरीबाहेरच्या टपरीवर कोणी तरी ‘काम करून देतो’ म्हणतो आणि आपण सगळे कागद त्याच्या हाती देऊन मोकळे होतो. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर पाहणारा, पक्की पावती मागणारा शेतकरी इथंच भोळा कसा होतो?

माझ्या सज्जातल्या एका शेतकऱ्याचं असंच झालं. फेरफाराचा निकाल विरोधात गेला आणि आदेशाची प्रत मध्यस्थाच्या पिशवीत पडून राहिली. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर ६० दिवसांत अपील करावं लागतं, असं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ सांगतो. ती मुदत टळली. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, पण कारण पटवून द्यावं लागतं. याला ते जमलं नाही.

म्हणून आधी माणूस वकील आहे का, ते पाहा. पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद, याशिवाय कोणी वकील होत नाही. सनदेचा क्रमांक विचारायला लाजू नका. त्यांच्याकडे महसुलाची कामं जास्त असतात, दिवाणी की फौजदारी, तेही विचारा. कापसाचा जाणकार द्राक्षाचा असेलच असं नाही.

मग कामाची रीत पाहा. चांगला वकील आधी कागद मागतो : सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा. वाट अडवल्याची तक्रार असेल तर ती कोणत्या तारखेला अडवली, हे तो पहिल्यांदा विचारील. कारण मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. तो तुमची कमजोर बाजूही तोंडावर सांगेल. ‘शंभर टक्के जिंकून देतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

फीचं आधी ठरवा आणि पावती घ्या. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात ‘एवढे टक्के माझे’ असा सौदा वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे. वकिलाने गैरवर्तन केलं तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

सगळ्यात महत्त्वाचं, सही करण्याआधी कागद वाचून घ्या. वकीलपत्र म्हणजे तुमच्या वतीने खटला चालवण्याचा अधिकार. कुलमुखत्यारपत्र वेगळं; त्यात लिहिलं असेल तर तुमची जमीन विकण्याचाही अधिकार दुसऱ्याच्या हाती जातो. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका. अस्सल कागद शक्यतो घरी ठेवा आणि प्रत्येक तारखेची नोंद वहीत करा.

पैसे नाहीत म्हणून हक्क सोडू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो.

सरपंच आणि पोलीस पाटलांना एक विनंती. ही माहिती चावडीच्या फळ्यावर लिहा, ग्रामसभेत वाचून दाखवा. वाद चावडीतच मिटला तर उत्तमच. नाही मिटला, तर आपला माणूस योग्य दारात आणि मुदतीत पोहोचेल एवढं तरी आपण पाहू.