दुसऱ्या हाताची सात आसने

कसारा घाटात निम्मा चढ संपला असेल-नसेल, तोच मागच्या बाकावरून आत्याबाईंचा आवाज आला, ''अरे, कसला तरी गोडूस वास येतोय. कुणी काकवी आणलीय का बरोबर?'' काकवी कुणीच आणलेली नव्हती. भाच्याच्या मुंजीसाठी आम्ही सात जण नाशिकला निघालो होतो. दोन महिन्यांपूर्वीच घेतलेली सात आसनी डिझेल गाडी, त्यात टपावर सामान आणि एसी चालू. तापमानाच्या काट्याकडे माझे लक्ष गेले तेव्हा तो लाल रेघेला टेकला होता. गाडी बाजूला घेईपर्यंत बॉनेटखालून वाफेचे लोट येऊ लागले.

पुढचे चार तास रस्त्याच्या कडेला काढले. घाटाखालून आलेल्या मेकॅनिकने इंजिन थंड होऊ दिले, रेडिएटरचे झाकण उघडले, आत बोट घातले आणि ते आमच्यासमोर धरले. बोटाला पांढरा चुना लागला होता. ''साहेब, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलंय यात. जाळी पार बुजलीय. थर्मोस्टॅट तर काढूनच टाकलाय. विकताना वरून थोडं हिरवं कूलंट ओतलं, झालं.'' आत्याबाईंना आलेला काकवीचा वास तो हाच.

सपाट रस्त्यावर, एकट्या माणसाने चालवून पाहिली तर ही गाडी तापली नसती. आम्ही ती घेताना तशीच चालवून पाहिली होती. आजार लपवून विकणाऱ्याला हे ठाऊक होते, घेणाऱ्याला नव्हते. वापरलेल्या गाड्यांच्या साऱ्या बाजाराचे मर्म या एका वाक्यात आहे.

सात आसनांची गरज

चौकोनी कुटुंबाला सात आसने कशाला, असा प्रश्न विचारला जातो. रोजच्या जीवनात ती लागत नाहीतच. पण आपले कुटुंब वर्षाचे तीनशे दिवस चौकोनी असते आणि उरलेले दिवस एकत्र असते. गणपतीला कोकणात जायचे, कुलदैवताला जायचे, लग्नकार्य, कुणाचे आजारपण अशा वेळी आजी-आजोबा, आत्या, मावशी सगळी एका गाडीत बसतात. एस.टी.चे आरक्षण मिळत नाही, रेल्वेची प्रतीक्षायादी हलत नाही. मग गाडी घ्यावी असा विचार घरात सुरू होतो, आणि नवीचा भाव ऐकल्यावर तो जुनीकडे वळतो.

या वाहनांचा आपल्याकडचा इतिहास फार जुना नाही. बजाज टेम्पोची मॅटॅडोर आणि १९८४ मध्ये आलेली मारुतीची व्हॅन ही त्यांची आद्यपिढी. १९९४ मध्ये टाटांनी सुमो आणली. सुमंत मुळगावकरांच्या नावाची आद्याक्षरे तिच्या नावात आहेत. २००० मध्ये क्वालिस, २००४ मध्ये टॅव्हेरा, २००५ मध्ये इनोव्हा आणि २०१२ मध्ये अर्टिगा आली. यांतल्या कित्येक गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे सुखाने नांदत आहेत, आणि कित्येक तिथे त्याला रडवत आहेत.

करांचा हिशेबही जुन्या गाडीकडेच ढकलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, पण त्यासाठी गाडीची लांबी चार मीटरच्या आत हवी. एखाद-दुसरा अपवाद सोडला तर सात आसने त्या मापात बसत नाहीत, म्हणून मोठ्या गाडीला ४० टक्के दर लागतो. उलट एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थाला जुनी गाडी विकली तर जीएसटी नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो आपल्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के भरावा लागतो. तेव्हा मध्यमवर्गीय माणूस जुन्या गाडीकडे वळला तर त्यात त्याचे काय चुकले?

दिल्लीची गाडी आपल्या दारात

गाड्यांचा हा प्रवास मात्र नीट समजून घ्यायला हवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. चालत्या, धडधाकट गाड्या तिथे कवडीमोल झाल्या आणि ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत निघाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयापोटी कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला, पण तोवर दहा वर्षे हा ओघ चालू राहिला होता.

अशी गाडी स्वस्त दिसते. पण बारा महिन्यांहून अधिक काळ ती महाराष्ट्रात ठेवायची तर इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला रस्ता करही भरावा लागतो. हा खर्च विकणारा सांगत नाही. शिवाय मोठ्या शहराला जी गाडी धुरासाठी नकोशी झाली, ती जिल्ह्याच्या गावी, तिथून तालुक्याला आणि शेवटी वडापच्या रांगेत जाते. तिचा धूर आणि तिचे दुखणे दोन्ही खालच्या पायरीवरच्या माणसाच्या वाट्याला येते.

दुसरा ओघ पिवळ्या पाटीचा. पर्यटनाच्या धंद्यात लाखो किलोमीटर पळालेली गाडी पाटी बदलून पांढरी होते आणि 'घरगुती वापराची, एकहाती' म्हणून उभी राहते. आर.सी.वरची पहिली नोंद कोणत्या वर्गातली होती हे पाहिल्याशिवाय या शब्दांवर विश्वास ठेवू नये. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण झिजलेले पेडलचे रबर, गुळगुळीत झालेले स्टीअरिंग आणि चालकाचे खचलेले आसन सहसा खोटे बोलत नाही.

कागदाची मेख

घेणाऱ्याइतकाच विकणाराही इथे फसतो. माझ्या मेहुण्याने आपली जुनी गाडी एका दलालाला दिली, पैसे घेतले, कोऱ्या अर्जांवर सह्या केल्या आणि विषय संपला असे मानले. दोन वर्षांनी त्याच्या मोबाइलवर त्याने कधी न पाहिलेल्या गावातल्या दंडाच्या पावत्या येऊ लागल्या. दंड भरून सुटका झाली हे नशीब. त्या गाडीखाली कुणी सापडले असते तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात अशीच एक गाडी हातोहात अनेकांकडे गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्या नावावर राहिली होती. अपघात झाला, एक मुलगा दगावला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्याच्या दृष्टीने नोंदीत नाव असलेली व्यक्तीच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही तिचीच. अपघातग्रस्ताने गाडीच्या मागच्या-पुढच्या मालकांचा शोध घेत फिरावे, ही अपेक्षा न्यायालयाने अमान्य केली. ते योग्यच झाले.

म्हणून विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि ३० पुरे भरून द्यावेत, कोऱ्या कागदावर सही करू नये आणि चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे. गाडीवर कर्ज होते तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र घेऊन बोजा उतरवून घ्यावा. घेणाऱ्याने विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा. तो केला नाही तर तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण राहते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी परिवहन खात्याच्या अधिकारपत्राची तरतूद झाली आहे. असा व्यापारी गाडी ताब्यात घेतल्याचे रीतसर कळवतो तेव्हा तिची जबाबदारी त्याच्यावर येते. दलालाला आधी हेच विचारावे, ''अधिकारपत्र आहे का?'' उत्तरादाखल चहा आला तर समजावे काय ते.

गाडी बोलते, ऐकायला हवे

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. जुनी गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नका असे बजावून सांगावे. गरम इंजिन आपले दोष झाकते. थंड इंजिन पहिल्या फिरवणीत किती कुरकुरते, मागे कसला धूर सोडते, हे बघावे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, यात एअर फिल्टरपासून इंजेक्टरपर्यंत काहीही असू शकते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, हा मोठा खर्च. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही राहिला आणि कूलंटची पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. ऑइलच्या झाकणाला आतून कॉफीच्या साईसारखा थर दिसला तर पाणी आणि ऑइल यांचा संगम झालेला असण्याची शक्यता धरावी.

अडीच लिटर डिझेलच्या पहिल्या इनोव्हाला टायमिंग बेल्ट आहे. लाख-दीड लाख किलोमीटरला तो बदलावा लागतो. बदलला नाही तर एक दिवस तो तुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बदलल्याची पावती विकणाऱ्याकडे नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून भावात वजा करावे. २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ व्हायला गाडी मधूनमधून महामार्गावर सलग पळावी लागते. शाळा-भाजीबाजार एवढ्यातच फिरलेल्या गाडीत तो तुंबतो. ज्यांचे रोजचे जाणे-येणे पाच किलोमीटरचे आहे त्यांनी डिझेलच्या मोहात पडू नये हे बरे.

सात आसनी गाडीचे म्हणून काही खास आजार आहेत. मागच्या एसीच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात, चिखल-पाण्याने त्या गंजतात आणि गॅस निसटतो. मागचे शॉक अॅब्सॉर्बर आणि टॅव्हेरासारख्या गाड्यांचे पाटे वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बसतात, म्हणून माणसे भरून गाडी चालवून पाहावी. आम्ही हेच केले नव्हते. पुराची शंका असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघावा. धुलाई करणारा गालिचा धुतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या वितीवर गाळ तसाच राहतो. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. '३२१९' म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि लांब उतारावर तापले की ब्रेक मऊ पडतो. ते दोन वर्षांनी बदलावे, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

सुटे भागही आधी बघावेत. टॅव्हेरा बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, २०२० मध्ये तळेगावचा कारखानाही बंद केला. गाडी कितीही दणकट असली तरी तिचा वंश खुंटला की पुढे तिचे औषधपाणी अवघड होत जाते.

तिसरा बाक कुणाचा?

आपल्याकडे शेवटच्या बाकावर मुले किंवा म्हातारी माणसे बसवतात, कारण ती तक्रार करत नाहीत. या बाकाच्या पाठीमागे वीतभर जागा आणि मग काच. पट्टे आसनाखाली दडपलेले असतात आणि मोकळ्या बॅगा डोक्यामागे रचलेल्या असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या अपघातानंतर मागच्या आसनावरील पट्ट्याची चर्चा देशभर झाली. ती चर्चा मधल्या बाकापर्यंत जेमतेम पोहोचली, तिसऱ्यापर्यंत आलीच नाही. पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग सक्तीची झाली तीच २०२१ मध्ये. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ती नाही. जिथे आहे तिथे किल्ली फिरवल्यावर तिचा दिवा लागून विझतो की नाही ते पाहावे. दिवा लागतच नसेल तर कुणीतरी तो काढून टाकला असेल.

आणि मूळ प्रश्न तर पुढेच आहे. टॅक्सीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी योग्यता तपासणी करून घ्यावी लागते. खासगी गाडीला मात्र पंधरा वर्षे धुराच्या चाचणीपलीकडे कोणीही हात लावत नाही. ब्रेक, स्टीअरिंग, पट्टे यांची तपासणी नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर दरवर्षी आणि जपानमध्ये पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी घरगुती गाडीचीही तपासणी होते. आपल्याकडे तीच टॅक्सी पांढरी पाटी लावून घरगुती झाली की तिची दरवर्षीची तपासणीही थांबते! निदान मालकी बदलताना ब्रेक, स्टीअरिंग आणि पट्ट्यांची एक तपासणी सक्तीची केली आणि तिचा कागद हस्तांतराच्या अर्जाला जोडला, तर हा बाजार पुष्कळसा शहाणा होईल. चार पैसे जास्त पडतील, पण आज ते पैसे घाटात मोजावे लागतातच.

आमची गाडी अजून आमच्याकडेच आहे. नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट घातला, तिसऱ्या बाकाचे पट्टे आसनाखालून ओढून काढले. ती विकून टाक असे काहींनी सुचवले. विकायची तर ते चार तास घेणाऱ्याला सांगूनच विकावी लागेल, आणि मग भाव पडेल. मागच्या मालकासमोरही हाच पेच असणार. त्याने एक उत्तर निवडले, आपण दुसरे निवडू शकतो. आत्याबाई आता पुढे बसतात. घाट लागला की मी काट्याकडे बघतो आणि त्या वास घेतात.