बासी ईद एका दिवसाचीच का?

ईदच्या दुसऱ्या दिवसाला आपल्या घरांत 'बासी ईद' म्हणतात. त्या दिवशी स्वयंपाकाची घाई नसते. पातेल्याच्या तळाशी राहिलेली बिर्याणी मंद आचेवर गरम होते, घट्ट झालेल्या शीरखुर्म्यात थोडं दूध पडतं आणि उशिरा आलेले पाहुणेही तेच आवडीने खातात. कोणी नाक मुरडत नाही. उलट 'मुरलेली बिर्याणी आज जास्त चांगली लागतेय' असं म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतोच.

मग बाकीचं वर्षभर 'बासी' म्हटलं की आपल्या कपाळावर आठ्या का पडतात?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात हॉटेलं आणि दुकानं यांच्यापेक्षा घरांचा वाटा मोठा आहे, सुमारे ६० टक्के. भारतातल्या घरांसाठी या अहवालाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. यात साली आणि हाडंही धरलेली आहेत, हे मान्य. तरी पाच माणसांच्या घराचा हिशेब पावणेतीनशे किलोंवर जातो. लग्नाच्या बुफेत टाकलेल्या ताटांवर आपण तावातावाने बोलतो, पण आपल्या ओट्याखालच्या डब्याकडे बघत नाही.

या आकड्यात मात्र माझी अम्मी कुठेच नाही.

आमच्या घरात अन्न फेकलं जात नसे आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. ते का फेकलं जात नसे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. रात्रीच्या दोन चपात्या उरल्या की सकाळी त्या अम्मीच्या चहाबरोबर संपायच्या. दुपारी वाटीभर कालचं सालन आणि भात तिच्या ताटात. अब्बांना आणि आम्हा भावंडांना मात्र तव्यावरची गरम चपाती. तिला साखरेचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाता? ती सहज म्हणाली, "जो बचा, वही." मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. घरात उरलेलं कुठे जातं, हा प्रश्न तोवर मला कधी पडलाच नव्हता.

म्हणून 'उरलेलं वाया घालवू नका' एवढंच सांगणं मला अपुरं वाटतं. ते कोणी खायचं हे ठरवलं नाही, तर त्याचा अर्थ आपोआप ठरतो. घरातल्या बाईने खायचं. आणि तिलाही नको झालं, तर तिसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढून कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात द्यायचं. वर त्याला सवाबही समजायचं. जे आपल्याला कोणी दिलं तर आपण डोळे मिटूनच घेऊ, ते दान म्हणून काढू नका, अशी ताकीद सूरह बकराहमध्ये आहे. द्यायचं असेल तर त्याच दिवशी, चांगलं असताना, आपल्या ताटात वाढण्याआधी द्यावं.

खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, ही कुरआनची शिकवण आपल्याला लहानपणापासून पाठ असते. खाली पडलेला घास उचलून, लागलेली घाण झटकून खावा, ताट निपटून स्वच्छ करावं, असं पैगंबर साहेबांनी सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. ही शिकवण घरातल्या प्रत्येकासाठी आहे, पुरुषांनाही. तरीही रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानवर चार प्रकारची भजी आणि सहा प्रकारची फळं मांडतो आपण. मगरिबच्या नमाजनंतर त्यातली निम्मी तशीच असतात. दिवसभराच्या भुकेने मांडलेला अंदाज चार घासांत चुकतो.

शिळं आणि नासलेलं यांतला फरकही नीट कळला पाहिजे. आंबूस वास येणारी डाळ संपवणं म्हणजे काटकसर नव्हे. भाताबाबत तर जास्त जपावं लागतं. शिजवल्यावरही टिकून राहणारे काही जंतू त्यात असतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढावा आणि चांगला वाफ येईपर्यंत गरम करावा.

एवढं सांभाळलं, तर आपल्या स्वयंपाकघरांना नवं काही शिकवायची गरज नाही. कालच्या डाळीत कणीक मळून पराठे होतात. चपात्या कुस्करून तूप-गूळ घातला की मलिदा, कांदा-मिरचीची फोडणी दिली की नाश्ता. शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणारी पिढी अजून आपल्या घरांत आहे. सुकलेल्या पावाचे तर आपण शाही तुकडे करतो आणि पाहुण्यांना मानाने वाढतो. पाककृती आपल्याकडे भरपूर आहेत. कमी पडते ती वाटणी, आणि स्वयंपाकाआधीचं माप. रात्री बाहेर जेवणार असलेल्या मुलाने दुपारीच घरी फोन केला, तरी चार चपात्या वाचतात. तो फोन करणं हीदेखील अन्न वाचवण्यातली त्याची जबाबदारी आहे.

आमच्या घरी आता गुरुवारची रात्र बासी दस्तरखानची असते. फ्रीजमधले सगळे डबे बाहेर निघतात. गरम करायचं काम माझं आणि मुलाचं. प्रत्येकाच्या ताटात थोडं थोडं सगळं पडतं. पहिले दोन आठवडे मुलाने तोंड वाकडं केलं. आता मसालेदार सालन संपायच्या आत हात मारायला तोच पुढे असतो.

अम्मीने आयुष्यभर आमच्या वाट्याचं शिळं खाल्लं. त्यामुळे गुरुवारी तिच्यासाठी तेवढी एक ज्वारीची भाकरी ताजी भाजतो. ती अजूनही म्हणते, "कशाला माझ्यासाठी वेगळी?" आणि आमचं लक्ष नसताना अर्धी मोडून नातवाच्या ताटात ठेवते.