हाडांचे भाकीत आणि दफ्तरातील मौन

संपादक महाशय,



वृद्धांची हाडे मोडण्याचा संभव मशीन लर्निंगच्या साह्याने आगाऊ वर्तविता येतो, असे मोठ्या उत्साहाने सांगणारा लेख आपल्या पत्रात गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाला. त्यातील शास्त्राविषयी मला आदर आहे. परंतु हे यंत्र शिकणार कोणत्या नोंदींवरून, हा जो पहिला आणि निर्णायक प्रश्न, त्याला लेखकाने स्पर्शही केलेला नाही, याचे मला अतिशय वैषम्य वाटते.

शेफिल्ड विद्यापीठाचे २००८ सालचे 'फ्रॅक्स' हे तुलनेने साधे गणितसुद्धा पुढील दहा वर्षांतील धोका सांगण्यापूर्वी, पूर्वी कधी हाड मोडले होते काय, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता काय, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत काय, अशी चौकशी करते. माझ्या पत्नीचा खुबा मोडला तेव्हा इस्पितळातील केसपेपरवर 'घरात पडल्या' एवढीच नोंद झाली. दम्यासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि गावच्या हाडवैद्याने कामट्या बांधून बसविलेले मनगट, यांपैकी कशाचीही विचारपूस झाली नाही. असल्या दफ्तरावर पोसलेले यंत्र, नोंद नाही म्हणजे दोष नाही असे समजून, उद्या अशाच दुसऱ्या बाईला 'धोका अल्प' असा निर्वाळा देईल, आणि वेळीच सुरू व्हावयाचे औषध तिच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

इंग्लंडात खुब्याच्या अस्थिभंगाची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून चालू आहे. पण आमच्या नोंदी अपुऱ्या म्हणून तेथील नोंदी उसन्या आणून आमच्या स्त्रियांचे भवितव्य ठरविणे मला मुळीच मान्य नाही. तेथील आहार निराळा, ऊन निराळे आणि रस्तेही निराळे. रस्त्यांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो, की हाड ठिसूळ असले तरी खुबा बहुधा पडल्यावाचून मोडत नाही. आणि आमच्या पदपथांवरील उखडलेल्या फरशा व एस. टी.ची ती गुडघ्याएवढी उंच पहिली पायरी म्हाताऱ्या माणसाला पाडण्यास पुरेशी आहेत. त्यांच्या सुधारणेसाठी कोणत्याही भाकिताची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

तेव्हा आरोग्य खात्याने यंत्राच्या खरेदीचा विचार करण्यापूर्वी, साठीपुढील प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पूर्वीचा अस्थिभंग, चालू औषधे आणि गेल्या वर्षातील पडण्याच्या घटना या तीन बाबींची नोंद सक्तीची करावी, आणि तसा हुकूम जिल्हा रुग्णालयांपासून खासगी इस्पितळांपर्यंत सर्वांना विनाविलंब लागू करावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे